नेम फिरणारी एअर रायफल: स्प्रिंग काढून गॅस रॅम बसवण्याआधी काय तपासायचं

लक्षणं बहुतेक वेळा ठरलेली असतात. दहा मीटरवर कालपर्यंत रुपयाएवढ्या जागेत बसणारे छर्रे आज वाटीभर जागेत पसरतात. किंवा छर्ऱ्यांचा गट घट्टच राहतो, पण सगळाच्या सगळा दोन बोटं खाली सरकतो. घोडा ओढल्यावर आधी नुसता ‘ठप्’ आवाज यायचा, आता त्यामागून झणझणाट येतो. नळी मोडून, म्हणजे बिजागरीवर खाली वाकवून, कॉक करताना (आतली स्प्रिंग दाबून अडकवताना) कधी आत खरखर लागते, कधी एकदम हलकं जातं. काही रायफलींच्या तोंडातून धूर निघतो, जळक्या तेलाचा वास येतो आणि बार नको तितका कडाडतो. आणि एक तक्रार आपल्या भागातली हमखास: मे महिन्यात लावलेला झिरो, म्हणजे नेम धरला तिथंच छर्रा लागेल अशी जुळणी, डिसेंबरच्या सकाळी चुकतो.

परभणीत मी शाळेच्या पोरांचा दहा मीटरचा सराव घेतो, त्यांच्या रायफलींची देखभालही माझ्याकडेच असते. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ब्राँझ आणलं, तेव्हापासून जिंतूर, सेलू, हिंगोलीकडचे पालकही रायफल काखेत मारून येतात. वाक्य ठरलेलं: “सर, स्प्रिंग बसलीय जणू. गॅसचीच टाकून द्या की.” या रायफलीत स्प्रिंग पिस्टनला पुढे ढकलते, पिस्टन हवा दाबतो आणि ती हवा छर्रा उडवते. ‘गॅसची’ म्हणजे गॅस रॅम: स्प्रिंगच्या जागी बसणारा, दाबलेला गॅस भरलेला बंद सिलिंडर. मी आधी रायफल हातात घेतो, दस्त्याचे स्क्रू बघतो, छर्ऱ्यांची डबी मागतो. बऱ्याचदा दोष तिथंच सापडतो आणि स्प्रिंग धडधाकट निघते. स्प्रिंग की गॅस रॅम हा प्रश्न महत्त्वाचा आहे, पण तो शेवटचा प्रश्न आहे. ढिला स्क्रू, दबलेला छर्रा किंवा झिजलेली ब्रीच सील (ब्रीच म्हणजे नळीचं मागचं टोक, सील म्हणजे तिथं हवा अडवणारी कडी) यावर गॅस रॅम हा इलाज नाही. हजारो रुपये घालून तोच नेम पुन्हा चुकतो आणि पोराचा हात खराब आहे असं घरचे ठरवून टाकतात, याचं मला फार वाईट वाटतं.

हात लावण्याआधी

रायफल रिकामी आहे हे नळी उघडून डोळ्यांनी बघा. डोळ्यांवर चष्मा हवा. छर्रा अडवायला जुन्या कपड्यांनी गच्च भरलेला लाकडी खोका ठेवा आणि त्यामागे जाड फळी. दगडी भिंतीवर किंवा फरशीवर मारू नका, शिशाचा छर्रा तिथून उलटा येतो. नळी उघडी असताना, म्हणजे छर्रा भरताना, एका हाताने नळी घट्ट धरूनच ठेवा. त्या वेळी आतला खटका सुटला तर नळी झटक्याने मिटते. बोटं जातात आणि नळी कायमची वर वाकते. रिकामा बारही मारू नका. छर्रा नसला की पिस्टनपुढे हवेची उशी नीट तयार होत नाही आणि पिस्टन सरळ पुढच्या भिंतीवर आदळतो.

छर्रे: खर्च जवळपास शून्य

डबीतले वीस-पंचवीस छर्रे पांढऱ्या कागदावर ओता आणि उजेडात एकेक फिरवून बघा. छर्ऱ्याची मागची बाजू पोकळ असते आणि तिची कड कागदासारखी पातळ असते. हवेच्या दाबाने हीच कड फुगून नळीतल्या खाचांना घट्ट बसते, म्हणून ती एका बाजूने चेपलेली असेल तर तिथून हवा निसटते आणि छर्रा वाकडा निघतो. डबी दप्तरात खुळखुळत दोन महिने फिरली की अर्ध्या छर्ऱ्यांची ही गत झालेली असते. पावसाळ्यात ओल लागून शिशावर पांढरी भुकटी धरते, ते छर्रेही बाजूला काढा.

दुसरी गोष्ट मापाची. 4.5 मिलिमीटरचे म्हणून विकले जाणारे छर्रे डोक्याला 4.50, 4.51, 4.52 अशा वेगवेगळ्या मापांचे असतात. तुमच्या नळीला यातला कोणता मानवतो हे मारूनच कळतं. दोन-तीन प्रकारच्या छोट्या डब्या आणा, टेकू देऊन प्रत्येकी दहा बार मारा आणि कागद जपून ठेवा. गट एका डबीने बिघडून दुसऱ्या डबीने सुधारला तर पुढचं काही वाचायची गरज नाही. शिसं हाताळल्यावर साबणाने हात धुवा, पोरांना तर दटावूनच धुवायला लावा.

दस्त्याचे स्क्रू

सर्वांत जास्त वेळा दोष इथं सापडतो. स्प्रिंगच्या रायफलीला दोन्हीकडून धक्का बसतो. पिस्टन पुढे धावतो तेव्हा रायफल मागे येते, आणि पिस्टन हवेच्या उशीवर थांबतो तेव्हा रायफल पुढे ओढली जाते. छर्रा नळीबाहेर पडायच्या आत हे घडतं. गॅस रॅममध्येही पिस्टन तसाच धावतो, म्हणून तिथंही हा उलटसुलट धक्का असतोच. अशा धक्क्यांनी दस्त्याचे स्क्रू हळूहळू सैल होतात. पुढच्या बाजूला सहसा दोन, घोड्याच्या कडीजवळ एक किंवा दोन.

खाचेला नेमका बसणारा स्क्रूड्रायव्हर घ्या, नाहीतर खाच छिलते. घट्ट करा, पण जोर काढून पिळू नका, लाकूड दबतं. मग स्क्रूच्या डोक्यापासून दस्त्यावर नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढा. पुढच्या आठवड्यात रेघ तुटलेली दिसली तर स्क्रू फिरलाय. सारखाच फिरत असेल तर निळं, म्हणजे हाताने पुन्हा उघडता येणारं, थ्रेडलॉक (आट्यांना लावायचा गोंद) एक थेंब लावा. लाल लावू नका, ते उघडताना स्क्रू तुटतो. लाकडी दस्ता आपल्याकडे पावसाळ्यात फुगतो आणि फाल्गुनापासून आक्रसतो, म्हणून जून आणि मार्च असे दोन वेळा स्क्रू बघायची सवयच लावून घ्या.

दुर्बीण आणि बिजागरी

दुर्बीण लावलेली असेल तर ती काढून रायफलीवरच्या नेम धरायच्या साध्या साइटने मारून बघा. गट जमला तर दोष दुर्बिणीत, तिच्या पकडीत किंवा नळीच्या बिजागरीत आहे. नळी मोडायच्या रायफलीत दुर्बीण मागच्या, पिस्टन ज्यात धावतो त्या, नळकांड्यावर असते आणि नळी बिजागरीवर फिरते. बिजागरीत केसभर खेळ आला की दोघांची दिशा जुळत नाही. साध्या साइटचे दोन्ही भाग नळीवरच असतील तर मात्र ते नळीबरोबरच हलतात, म्हणून हा दोष तिथं लपून राहतो. नळी मिटवून डावी-उजवीकडे हलवून बघा. टकटक लागली तर बिजागरीचा बोल्ट थोडा आवळा. नळी आपल्या वजनाने पडायला नको, हाताने लावली तिथं थांबायला हवी.

दुर्बिणीची पकड मागे सरकतेय का, हे तिच्या मागच्या टोकाशी पेन्सिलने खूण करून कळतं. दुर्बीण विकत घेताना ‘स्प्रिंग एअर रायफलला चालेल’ असं लिहिलेलीच घ्या. मोठ्या बंदुकीचा मागचा धक्का सोसणारी महाग दुर्बीणसुद्धा या पुढच्या ओढीने आतून सुटते.

धरायची पद्धत

पुढचा हात घट्ट आवळला की रायफलीची उडी अडते आणि दर वेळी वेगळी अडते. तळहात मोकळा, रायफल त्यावर नुसती टेकलेली, आणि टेकायची जागा रोज तीच. ती जागा दस्त्याखाली चिकटपट्टीने खुणावून ठेवा. गॅस रॅमवाल्यांना हे सांगितलं की वाटतं आपल्याला लागू नाही. रॅमचा झटका कमी वेळाचा असतो, थरथर कमी असते, पण झटका जास्त तीव्र असतो. मोकळी पकड तिथंही लागते.

नळी आणि तिचं तोंड

काळ्या मातीची धूळ फार बारीक. मोटारसायकलला बांधून रायफल वीस किलोमीटर आणली की ती नळीत जाते, तेलावर चिकटते. गळाच्या जाड दोरीला सुती कापडाचा तुकडा बांधून तो ब्रीचकडून तोंडाकडे ओढा, उलटा नाही. कापड स्वच्छ निघेपर्यंत ओढा आणि लोखंडी गज आत घालू नका. साफ केल्यावर पहिले काही छर्रे इकडेतिकडे जातात, त्यावरून निष्कर्ष काढू नका.

मग कान साफ करायची कापसाची काडी नळीच्या तोंडाच्या कडेवरून सावकाश गोल फिरवा. एखाद्या ठिकाणी कापसाचा धागा अडकला तर तिथं खोच आहे. छर्रा बाहेर पडताना मागची हवा सगळीकडून सारखी सुटायला हवी, खोच असेल तिथून ती आधी सुटते आणि छर्ऱ्याला ढकलते. रायफल भिंतीला उभी करून ठेवणाऱ्यांच्या घरी ती घसरून पडते, तेव्हा हा मार बसतो. खोच काढणं लेथवाल्याचं काम आहे, घरी कानस लावू नका.

ब्रीच सील: शंभर रुपयांच्या आतलं काम

नळी जिथं मोडते तिथं सांध्यात एक कडी बसवलेली असते, रबरी ओ-रिंग किंवा चामड्याचा वॉशर. टिश्यू पेपरची बारीक पट्टी या सांध्यावर आडवी ठेवा, छर्रा भरून खोक्यात बार मारा. पट्टी उडाली तर हवा गळतेय. सांध्याच्या खालच्या बाजूलाही हीच चाचणी करा.

जुनी रिंग लाकडी टूथपिकने काढा, सुईने नाही, खाचेला ओरखडा पडतो. त्याच मापाची नवी आणा. ती बसल्यावर पृष्ठभागापेक्षा किंचित वर दिसली पाहिजे, कारण नळी मिटल्यावर दबूनच ती हवा अडवते. छर्रे खाली लागतात आणि वेग दर बाराला बदलतो, या दुखण्यावर अनेकदा एवढ्यानेच काम होतं.

धूर, वास आणि तेल

धूर निघणाऱ्या रायफलीच्या मालकाला मी पहिल्यांदा विचारतो, आत काय सोडलंत? उत्तरं: शिवणयंत्राचं तेल, गाडीचं ऑइल, खोबरेल, गंज काढायचा स्प्रे. पिस्टन हवा दाबतो तेव्हा ती क्षणभर प्रचंड तापते आणि त्या तापात हे तेल पेट घेतं. डिझेल इंजिन याच तत्त्वावर चालतं. बार कडाडतो, छर्रा जोरात जातो, आणि मालकाला वाटतं रायफल सुधारली. आत मात्र सील जळते आणि उलट्या धक्क्याने स्प्रिंग तुटते.

आत पेट्रोलियमचं कुठलंही तेल नको. थोडंसंच पडलं असेल तर काही छर्रे मारल्यावर धूर थांबतो. नाही थांबला तर रायफल वापरणं बंद करा, ती उघडून पुसावी लागेल. डायना 35 या जर्मन मॉडेलच्या धाटणीच्या जुन्या रायफलींत पिस्टनला चामड्याचा वॉशर असतो. तो सुकला की जोर जातो, त्याला एअर रायफलसाठीच मिळणारं सिलिकॉन तेल एक-दोन थेंब पुरतं. नवीन सिंथेटिक सीलला जवळपास काहीच लागत नाही. गंज टाळायला बाहेरून तेलाचा हात फिरवा, तिथं कुठलंही चालतं.

वेग मोजा

आतापर्यंतचं सगळं ठीक निघालं तरच पिस्टन आणि स्प्रिंगकडे वळायचं. छर्ऱ्याचा वेग मोजणारा छोटा क्रोनोग्राफ ऑनलाइन मिळतो. तीन-चार मित्रांनी मिळून घेतला तर जड जात नाही. 8 ग्रेनचा, म्हणजे साधारण 0.52 ग्रॅमचा छर्रा सेकंदाला 180 मीटरने गेला तर त्याची ऊर्जा सुमारे 8.4 ज्यूल होते. दहा मीटरच्या सरावाला हे भरपूर आहे. दहा बार मारून आकडे लिहा.

सगळे आकडे सारखे पण पूर्वीपेक्षा खाली असतील तर स्प्रिंग थकलीय किंवा रॅममधला गॅस कमी झालाय. आकडे वरखाली, सेकंदाला पंधरा-वीस मीटरचा फरक दाखवत असतील तर गळती, म्हणजे पिस्टनची सील. कॉक करताना खरखर आणि बारामागे झणझणाट असेल तर स्प्रिंग तुटलेली किंवा ग्रीस सुकलेलं. कॉक करायला अचानक हलकी झालेली गॅस रॅमची रायफल म्हणजे रॅम गेला, त्यात संशय नको.

क्रोनोग्राफ नसेल तर कपडे धुण्याच्या साबणाची वडी पाच मीटरवर ठेवून छर्रा किती आत शिरतो ते काडीने मोजा. हे रायफल नवी असतानाच करून वहीत लिहून ठेवलं तरच पुढे उपयोगी पडतं.

मे आणि डिसेंबरचा फरक

हा बिघाड नाही, हे समजून घ्या. रॅममध्ये बंद केलेल्या वायूचा दाब तापमानाबरोबर बदलतो. आपल्याकडे मे महिन्याच्या दुपारी 42 अंश आणि डिसेंबरच्या पहाटे 10 अंश धरले, तर ढोबळ हिशेबाने दाबात अकरा टक्क्यांच्या आसपास फरक पडतो, वेगात साधारण पाच. सेकंदाला 180 मीटरचा वेग 171 वर आला तर दहा मीटरवर छर्रा दीड-दोन मिलिमीटर खाली लागतो. फुगा फोडणाऱ्याला हे कळणारही नाही. पण दहा मीटरच्या अधिकृत लक्ष्यावर एका वर्तुळापासून पुढचं वर्तुळ अडीच मिलिमीटरवर असतं, तिथं हा फरक गुण खातो. स्प्रिंगच्या पोलादाला या उन्हाथंडीचं फारसं काही वाटत नाही, फक्त आतलं ग्रीस थंडीत घट्ट होतं. उपाय सोपा: दोन्ही ऋतूंत झिरो नव्याने लावा, आणि रॅमची रायफल उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका.

इथं थांबा

नळकांडं उघडायची वेळ आली की घरचं काम संपलं. स्प्रिंग रायफल कॉक केलेली नसली तरी आत दाबूनच बसवलेली असते. मागची पिन स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय काढली तर मागचा ठोकळा छातीवर किंवा तोंडावर येतो. यूट्यूबवर बघून दोरीने बांधून पिन काढणारे आहेत, त्यांचं अनुकरण करू नका. गॅस रॅम तर बंद सिलिंडर आहे, आत शंभर बारच्या वरचा, म्हणजे बाहेरच्या हवेच्या शंभरपटीहून जास्त दाब. त्याला भोक पाडणं, वेल्डिंग करणं, तापवणं, उघडून गॅस भरायचा प्रयत्न करणं, सगळं जिवावरचं आहे. घोड्याच्या खटक्याला कानस लावणंही नको. आणि कॉक झालेली रायफल सुटतच नसेल तर तोंड सुरक्षित दिशेला ठेवून तशीच माहितगाराकडे न्या, आधी फोन करून.

मग स्प्रिंग की गॅस रॅम?

सीलबरोबर स्प्रिंगही बदलायची वेळ आली, किंवा नवीच घ्यायची आहे, तर माझं मत असं.

शिकणाऱ्या पोराला स्प्रिंग. कॉक करताना तिचा जोर हळूहळू वाढतो. रॅम मात्र पहिल्या इंचापासून ताठ असतो, बारा-तेरा वर्षांच्या पोराचा खांदा चाळीस बारांत भरून येतो आणि मग नेम बिघडतो. दुसरं कारण दुरुस्तीचं. स्प्रिंग, सील, ग्रीस मिळतं आणि छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेडला बसवणारा माणूस शोधता येतो. रॅम गेला की अख्खा बदलायचा, तोही त्याच मॉडेलचा. तो कंपनीकडून येईपर्यंत सराव बंद.

रॅमचे गुण खरे आहेत. 1980 च्या दशकात इंग्लंडच्या थिओबेन कंपनीने तो बाजारात आणला तेव्हापासून त्याचं आकर्षण आहे. स्प्रिंग सुटताना रायफलीला बसणारा पीळ नाही, झणझणाट नाही, घोडा ओढल्यापासून छर्रा सुटेपर्यंतचा वेळ कमी. जास्त वेळ कॉक राहिला तरी तो बसत नाही, स्प्रिंग मात्र थकते. तुमचा हात बसलेला असेल, अंगात ताकद असेल आणि वीस-पंचवीस मीटरवर मारायचं असेल तर जरूर घ्या. पण कॉक करून दाराआड ठेवायची सोय म्हणून घेऊ नका. भरलेली रायफल घरात ठेवणं चूकच, मग आत काहीही असो.

जुन्या स्प्रिंग रायफलीत रॅम बसवून घ्यायचा असेल तर त्याच मॉडेलसाठी बनवलेलाच घ्या. लांबी, दांडीची जाडी, दाब, यातलं एक चुकलं तरी पिस्टनला तडा जातो. शिवाय कायद्याची रेषा आहे: शस्त्र नियम, 2016 प्रमाणे 4.5 मिलिमीटरपर्यंतची आणि 20 ज्यूलपर्यंतची एअर रायफल परवान्याशिवाय ठेवता येते, त्यापुढे परवाना लागतो. 8 ग्रेनचा छर्रा सेकंदाला 277 मीटरच्या पुढे गेला की ती रेषा ओलांडली जाते. जास्त दाबाचा रॅम मागणाऱ्यांना मी हा आकडा दाखवतो आणि नाही म्हणतो. पिकातले पोपट, मोर, रोही हाकलायला म्हणून मागणाऱ्यांनाही नाहीच म्हणतो. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली त्यांना छर्रे मारणं गुन्हा आहे, आणि अर्धमेलं जनावर तडफडत मरतं ते वेगळंच.

रायफल दुरुस्तीला देताना सोबत कागद द्या: कोणते छर्रे वापरता, दहा बारांचे आकडे, टिश्यूची पट्टी उडाली की नाही, आत कुठलं तेल कधी सोडलं. काढलेली स्प्रिंग आणि सील परत मागून बघा. सीलवर एकाच बाजूला ओरखडे असतील तर नळकांड्याच्या आत खरचटलेलं आहे, नवी सीलही तशीच जाईल, ते आधी गुळगुळीत करून घ्या. गेलेला गॅस रॅम मात्र घरी आणू नका. त्यात दाब शिल्लक असू शकतो, आणि भंगारवाला तो गॅस कटरने कापायला घेईल. तो बसवणाऱ्याकडेच ठेवा आणि कंपनीला परत पाठवायला सांगा.